रिकामं आहे ना?

पिशवी तिने काउंटरवर ठेवली खरी, पण बंदांवरचा हात काही सुटेना.

"सोडा मावशी," हवालदार म्हणाला. "चावत नाही ते."

"चावतं. म्हणून तर आणलं."

चौकीच्या खिडकीवर पाटी होती: हत्यार आणून द्या, नाव विचारणार नाही. पाटी चारदा वाचून मगच ती आत शिरली होती. बसमध्ये पिशवी मांडीवर, वर पालेभाजीची जुडी, आणि ब्रेक लागला की ती पिशवी छातीशी धरायची. मुलाची कारखान्यातली पाळी दोनला सुटायची. घरी येऊन त्याने कपाट उघडलं म्हणजे?

"रिकामं आहे ना?"

"हो तर! मीच केलंय." एवढ्या भीतीतही तिच्या आवाजात जराशी ऐट आली. "सून वारली, त्याच महिन्यात. गोळ्यांची डबी खालून ओढून काढली नि मिठाच्या बरणीत पुरली. त्याला पत्ता नाही. पण आज रिकामं आहे, उद्या दुसऱ्या गोळ्या आणील. म्हटलं, घरात नकोच ते. ही घ्या डबी."

हवालदाराने पिस्तुलाचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पिंपाकडे धरलं आणि वरचा भाग मागे खेचला. टणकन काहीतरी फरशीवर पडलं. त्याने वाकून ते उचललं आणि तिच्यापुढे ठेवलं. पितळी गोळी, बोटाच्या पेराएवढी.

"ही कुठून आली?"

"नळीत होती. डबी काढली तरी आत चढलेली एक राहते, मावशी. सगळे इथेच फसतात."

ती मटकन बाकावर बसली. काल संध्याकाळी मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, पिस्तूल स्वतःच्या कानशिलाला लावून. आणि तिने? तिने नीट वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. "पुरे झाली नाटकं, ताट वाढलंय," म्हणाली होती. रिकामं आहे हे तिला ठाऊक होतं ना! मोठी शहाणी!

"फोन लावून द्या हो त्याला. माझी बोटं चालत नाहीत."

तिने पुढे केलेल्या चिठ्ठीवरचा नंबर हवालदाराने लावला आणि फोन तिच्या हातात दिला. पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू आली.

"काय गं आई?"

"अरे, ते तुझं... मी जमा करून टाकलं. चौकीतच आहे. ओरडायचं तर ओरड."

तिने फोन इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

"एकटीच गेलीस? बसने?"

"हो."

"आई, नळीत एक गोळी होती गं," तो हळूच म्हणाला. "तुला काही झालं नाही ना?"