दालचिनीचा रंग

दालचिनीचं मीच सांगितलं अण्णांना. आधी हे लिहून टाकतो.

शहाण्णव साल. आम्ही राजाजीनगरला राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कारखान्यात टेस्टिंगला होते. दहा वर्षांपासून डायबेटीस. मी डिप्लोमा अर्धवट सोडलेला. लायब्ररीत बसून हाताला लागेल ते वाचायचो. घरात माझं मत कोणी विचारत नसे.

एका मासिकात वाचलं, दालचिनीनं साखर उतरते. मग एका तक्त्यात तिचं पोषणमूल्य मिळालं. कॅल्शियम, लोह, मँगनीज, तंतू, सगळं मिलिग्रॅममध्ये. ते वहीत उतरवून घरी आणलं. आकडे दिसले की अण्णा खुलायचे. त्यांनी वही दोनदा वाचली आणि त्यांच्या कानडी वळणानं म्हणाले, स्वल्प दिवस बघूया. दुसऱ्या दिवशी यल्लाप्पाच्या दुकानातून पावशेर घेऊन आले. रोज सकाळी चमचाभर पूड, गरम पाण्यातून.

तेव्हा ते साखर घरीच तपासायचे. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात आठ थेंब लघवी, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर वाढत चाललीय.

तिसऱ्या आठवड्यात नळी विटकरी झाली. अण्णांनी मला हाक मारली. एरवी मला हाक यायची ती नळ गळतोय म्हणून. नळी खिडकीच्या उजेडात धरून ते म्हणाले, “हा दालचिनीचाच रंग उतरतोय. नाही का रे?”

मला काहीच माहीत नव्हतं. पण ते मला विचारत होते.

“हो,” मी म्हणालो. “तसंच असणार.”

पुढे रोज विटकरी. रोज आम्ही दोघं ती नळी बघून माना डोलवायचो.

एप्रिलमध्ये अण्णा भर दुपारी देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालून आले. तापलेल्या फरशीनं तळवा भाजला होता, त्यांना कळलंच नाही. आईला वास आला तोवर पाय काळा पडलेला. हॉस्पिटलसाठी कपडे काढताना तिला कपाटात गोळ्यांची पाकिटं सापडली. तीन महिन्यांच्या गोळ्या, सगळ्या जागच्या जागी.

डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कोणी बंद करायला सांगितल्या? अण्णा म्हणाले, कोणी नाही, मीच केल्या.

मला ऐकवेना. मी म्हणालो, “दालचिनी मी सांगितली, डॉक्टर. रंगाचंही मीच हो म्हणालो.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. “त्याचं काय ऐकता? त्याला कुठं काय कळतंय.”

मला वाचवायलाच म्हणाले ते. मला माहितीय.

पाय घोट्याच्या वरून काढला.

आता साखर लॅबमध्ये तपासतात. रिपोर्ट आला की अण्णा तो आईच्या हातात देतात, वाच म्हणतात. आईचं इंग्रजी जेमतेम. ती एकेक अक्षर लावत बसते. मी समोरच असतो.