बिनअंड्याचा केक

मासिकात कृतीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘वसंतातल्या मेळाव्यांसाठी फळांच्या स्वादाचा सोपा केक’. कृती पाठवणाऱ्या बाई पुण्याच्या होत्या. पुण्यात असेल वसंत. जळगावात चैत्र लागला की मेहरूणच्या तलावाचं पाणी रोज हातभर मागे सरकतं आणि दुपारी दाराच्या कडीला हात लावायचा तर पदर गुंडाळून लावावा लागतो. ‘ओव्हन आधी पंधरा मिनिटं तापवून घ्यावा’ या वाक्यापाशी कुंदा थबकली. ओव्हन तेवढा तिच्याकडे नव्हता, बाकी सगळं तापलेलंच होतं.

पण केक करणं भाग होतं. कारण गुड्डी जेवत नव्हती.

गुड्डी तीन वर्षांची. कुंदा धुळ्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, त्यामुळे मुलीचं न जेवणं तिने शास्त्रशुद्ध पद्धतीने हाताळलं होतं. दवाखान्यातलं वजनाचं कार्ड फडताळाच्या आत चिकटवलं होतं, वहीत सकाळ-दुपार-संध्याकाळ असे रकाने होते, आणि ‘वरण-भात, साडेतीन घास, अर्धा थुंकला’ अशा नोंदी होत्या. वाटी घेऊन ती पोरीमागे अंगणभर फिरायची. घास तोंडात गेला की तिथेच उभी राहून गालाकडे बघायची, गिळला का, गिळला का. सोनारसुद्धा काट्याकडे इतक्या बारकाईने बघत नसेल. गुड्डी गालात घास धरून तिच्याकडे बघायची. दोघींत आधी कोण कंटाळतं याची जणू स्पर्धा होती, आणि गुड्डी अजून एकदाही हरली नव्हती.

पाडव्याला सासूबाई आल्या. द्रौपदाबाई सावद्याजवळच्या गावच्या, घरची केळीची बाग, गळ्यात तुळशीची माळ, आणि मनातलं तोंडावर यायला मधे एकही थांबा नाही.

“आग माय! पोट्टी हाये का किडकी काडी?” त्यांनी गुड्डीचा दंड दोन बोटांत धरून पाहिला. “कुंदा, मी नेते हिले गावाले. पानी पडेपर्यंत ऱ्हाऊ दे माह्यापाशी.”

कुंदाने गुड्डीला ओढून मांडीवर घेतलं. मोठ्या जावेचा मुलगा असाच ‘पानी पडेपर्यंत’ गावाला गेला होता. त्याला चार पावसाळे झाले. तो आता गावच्या शाळेत तिसरीत होता आणि सुट्टीत आला की आईला ‘काकू’ म्हणायचा.

“जाऊ दे की दोन महिने,” नवरा म्हणाला. बन्सीलाल पाटबंधारे खात्यात होता. पाणी असो की माणूस, कुठून तरी सोडून द्यायचं आणि वाट बघायची, एवढंच त्याला ठाऊक. तीन दिवस घरात धुसफूस झाल्यावर त्यानेच तोड काढली. शनिवारी कुंदाकडे चैत्राचं हळदीकुंकू होतं. त्या दिवशी गुड्डीने बायांदेखत पोटभर काही खाल्लं तर ती राहील. नाही खाल्लं तर रविवारी सकाळच्या बसने आजीबरोबर जाईल.

“मंजूर,” द्रौपदाबाई म्हणाल्या. त्यांना जिंकल्यासारखंच होतं. कैरीची डाळ आणि पन्हं बघून तीन वर्षांचं कोणतं पोर पोटभर खातं?

म्हणून केक. शेजारच्या सुनंदाबाईंच्या नातवाच्या वाढदिवसाला गुड्डीने केकवरचं गुलाबी फूल चाटलं होतं, अशी वहीत नोंद होती. एवढ्याच पुराव्यावर कुंदाने सगळा डाव लावला.

कृतीत अननसाचा इसेन्स होता. तो नव्हताच दुकानात. दुकानदाराने केळ्याच्या इसेन्सची बाटली पुढे केली, पिवळीधमक. कुंदाने ती घेतली आणि घरी आणून ओट्यावर ठेवली. तिथेच खाली द्रौपदाबाईंनी बसने आणलेला केळीचा अख्खा घड गोणपाटावर पडला होता.

“ह्या बाटलीत काय हाये वं?”

“केळ्याचा वास, आत्याबाई.”

द्रौपदाबाईंनी बाटली पाहिली, घड पाहिला, मग सुनेकडे पाहिलं. “केयाचा वास ईकत आनला? जयगावात?” त्या भिंतीला टेकून इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. “जास्त पिकली तं आम्ही ढोरांपुढं टाकतो वं ती. तुह्या आईनं तुले बारा बुकं शिकोली नही तं पंधरा शिकोली, पन तेच्यात घडाची वयख नव्हती का?”

बाटली मागे पडली. दोन डझन केळी सोलून कुस्करली गेली.

राहिलं एकच, अंडं. कृतीतच खाली बारीक अक्षरांत ‘शाकाहारींनी अंडी वगळून आटवलेल्या दुधाचा डबा वापरावा’ असं होतं. कुंदाने दोन डबे आणले. द्रौपदाबाईंच्या देखत ‘अंडं’ हा शब्दही घरात निघत नसे. बाजारात अंड्यांच्या हातगाडीवरून जाताना त्या तोंड फिरवत, जणू गाडीवाला उघडा बसला आहे. शिवाय बेकरीतलं काहीही त्या खात नसत, कारण ‘तठी काय कशात कालवत असतील कोन जाने’. आणि केक भाजायचा तर बेकरीच्या भट्टीशिवाय इलाज नव्हता. दिवाळीला कॉलनीतल्या बाया नानकटाईचं सामान घेऊन जिथे रांग लावतात, तीच भट्टी.

कुंदाने नामी युक्ती केली. ती सासूबाईंनाच बरोबर घेऊन गेली.

शनिवारी सकाळी नऊ वाजता दोघी रिक्षाने पातेलं मांडीवर धरून भट्टीवर पोहोचल्या. मालक मोतीलालभाऊ, पिठाने भुवया पांढऱ्या झालेला माणूस. द्रौपदाबाईंनी मोठा चौकोनी पत्रा स्वतः राखेने घासून घेतला, दोनदा धुतला, घरून आणलेलं लोणी त्याला आपल्या हाताने लावलं. भट्टीत डोकावून आणखी काय काय भाजतंय ते पाहिलं. मग हात झटकून म्हणाल्या, “आता खाईन मी. सगयं माह्या डोयांपुढं झालं.”

मोतीलालभाऊंनी पातेल्यातलं मिश्रण उलथन्याने ढवळलं, उचललं, पडू दिलं. काही विचारायला तोंड उघडलं. कुंदाने डोळ्यांनी खूण केली, की नको, काही विचारू नका. त्यांच्या प्रश्नात नेमका तोच शब्द येणार, हे तिला दिसत होतं. गळ्यात माळ घातलेली बाई समोर उभी आहे, धंद्यातल्या माणसाला यापेक्षा काय सांगायचं?

मोतीलालभाऊंनी समजल्यासारखी मान हलवली. “तुम्ही निर्धास्त जा, ताई. दोनला या.”

दोन वाजता कुंदा एकटीच गेली. पत्र्यावर केक होता, आणि असा केक तिने मासिकाच्या चित्रातही पाहिला नव्हता. चार बोटं उंच, वरून खरपूस, बोट लावलं की खाली जाऊन पुन्हा वर येणारा. रस्त्यावरची दोन माणसं वासाने आत डोकावून गेली.

“भाऊ, काय सुंदर झालाय हो!”

“होणारच,” मोतीलालभाऊ खुशीत म्हणाले. मग आवाज खाली आणून, “सकाळी तुम्ही खूण केली ना, तेव्हाच मी ओळखलं. सासूबाईंसमोर आणता आली नसतील. नुसत्या त्या पिठाची वीट झाली असती, ताई. नऊ घातली. ताजी, आजचीच.”

“काय नऊ?” कुंदाने विचारलं. तिला कळलं होतं. तरी विचारलं.

परत येताना रिक्षात तिने विचार केला. फेकून द्यावा? मग गुड्डी उद्या सकाळी बसमध्ये. सांगून टाकावं? मग वीस बायांपुढे तमाशा, आणि गुड्डी उद्या सकाळी बसमध्ये. गप्प बसावं? सगळीकडून फिरून रिक्षा तिथेच येत होती.

चारला बाया आल्या. गौर आरशासमोर सजली होती, कलिंगडाचं कमळ कापलेलं होतं, ओल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या जात होत्या. कुंदा स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. केकच्या साठ वड्या कापायला तिने पाऊण तास लावला. सासूबाईंसाठी तिने वेगळी ताटली भरली, डाळ, कलिंगड, पन्हं, आणि ती घेऊन वळते तो काय, द्रौपदाबाईच दारात.

“आन ते ताट इकडे. तुह्यानं का व्हते आज? पाऊन घंटा झाला कापूनच ऱ्हायली.” त्यांनी केकचं ताट उचललं आणि गेल्या.

भिंतीपलीकडून कुंदा ऐकत राहिली.

“घ्या वं बायांनो, लाजू नका! केयी आमच्या बागेतली हायेत. पत्रा मी घासला. बेकरीचं म्हूनसनी मी शिवत नही, पन हे माह्या डोयांदेखत!”

“मला नको हो,” हा शेवंताबाईंचा आवाज. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शेवंताबाई कांदासुद्धा खात नसत. “अंडं बिंडं नसेल ना?”

“आमच्या घरात?” द्रौपदाबाई गरजल्या. “हे पाह्य, मी खाते.”

कुंदाने ओट्याची कड धरली. जरा वेळाने शेवंताबाई म्हणाल्या, “अगबाई, काय हलका आहे! आणखी एक द्या.”

कुंदाने मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. नऊ भागिले साठ असा एक हिशेब उगाच डोक्यात फिरत होता. तो थांबवायला तिने सगळे चमचे घासले. घासलेले पुन्हा घासले. एवढा वेळ गुड्डी कुठे आहे, काय करते आहे, हे तिच्या मनातही आलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

“कुंदा! अगं कुंदा! बाहेर ये!” सुनंदाबाईंची हाक आली.

गुड्डी गौरीच्या टेबलाखाली बसली होती. टेबलावरून लोंबणाऱ्या जरीच्या पडद्याआड. मांडीवर ताटली, नाकाला चुरा, दोन्ही हातांत दोन वड्या. “चौथी आहे,” सुनंदाबाई म्हणाल्या, “मी मोजतेय मघापासून.” बाया हसत होत्या. कुंदा खाली बसली, पडदा बाजूला केला, आणि गुड्डीचं चावणं थांबलं.

“मी जिंकले, आत्याबाई,” संध्याकाळी बाया गेल्यावर कुंदा म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणालीच.

“जितली माय, जितली.” द्रौपदाबाई पाय पसरून बसल्या होत्या. तृप्त दिसत होत्या. “मीबी तीन खाल्ले. आता असं कर, हे कसं केलं ते मले शिकव. आमच्याकडे चुल्यावर, वरून-खालून निखारे देऊन करीन.”

“तुम्ही कशाला?”

“पोट्टीसाठी! मले काय भेव व्हतं, की नेली आन तठीबी खाल्लं नही तं लोक म्हनतीन आजीनं उपाशी मारली. आता समजलं ना काय खाते ते. केयी घरची, दूध घरचं. उद्याच्या मोटारीनं नेते.”

“पण ठरलं होतं…” कुंदाने नवऱ्याकडे पाहिलं. बन्सीलाल म्हणाला, “आता तर चांगलंच झालं की,” आणि अंघोळीला गेला.

न्हाणीघरात बादली भरल्याचा आवाज आला. कुंदाच्या हातात आता एकच गोष्ट उरली होती, दुपारपासून जी तिने जिवापाड झाकली होती तीच.

“आत्याबाई, तुम्हाला नाही जमणार ते.”

“काहून?”

“त्यात अंडी आहेत. नऊ. मी नाही घातली, भट्टीवाल्याने घातली. पण मला दुपारीच कळलं होतं.”

द्रौपदाबाई उठल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त माळेकडे हात नेला आणि मधेच, न लावता, खाली घेतला. मग मोरीत गेल्या. बराच वेळ चुळा भरत होत्या. परत आल्या तेव्हा भिंतीकडे बघत विचारलं, “नऊ अंड्यांच्या वड्या किती व्हत्या?”

“साठ.”

“मी तीन खाल्ले.”

“अर्धंसुद्धा नाही होत, आत्याबाई,” बी.एस्सी. झालेली कुंदा चटकन म्हणाली. “पावाच्या पुढे, अर्ध्याच्या आत.”

“चूप बैस.” पण त्यांनी तो आकडा मनात ठेवून घेतल्यासारखा वाटला. थोड्या वेळाने, “शेवंताबाईनं किती खाल्ले?”

“पाच असतील.”

“माय वं.” द्रौपदाबाईंच्या तोंडाच्या कडेला काहीतरी हललं आणि त्यांनी ते दाबलं. “तिले सांगजो नको. मरंल ती. माह्याच हातानं देलं मी.” मग थेट सुनेकडे पाहून, “मले सांगलं नसतं तं मले मरेपर्यंत समजलं नसतं. मंग काहून सांगलं?”

गुड्डी कोपऱ्यात फरशीवरचे हरभरे एकेक वेचून वाटीत टाकत होती. द्रौपदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कुंदाकडे.

“हं,” म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्या एकट्याच निघाल्या. “पोट्टीले ऊन लागंल मोटारीत, ऱ्हाऊ दे,” असं मुलाला सांगितलं. तो त्यांची पिशवी घेऊन रिक्षा बघायला पुढे गेला, तेव्हा फाटकाशी कुंदाला म्हणाल्या, “महिनाभर एकादशीसारखं करीन मी, सुटंल काय सुटायचं ते. पन एक सांगते. पोट्टी अंड्यानं नही खाल्ली. तू आत व्हती म्हून खाल्ली. मी पाह्यलं ना.”

“तसं काही नाही,” कुंदा म्हणाली.

“बरं नही तं नही.”

दुपारी तिने गुड्डीसमोर वरण-भाताची ताटली ठेवली आणि पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडायला बसली. वही उघडली नाही. मागे बघायचं नाही, असं ठरवलं होतं. समोर तांदळाचा स्टीलचा डबा होता, नवाकोरा, लखलखीत. तो तिने जरासा डावीकडे सरकवला. मग आणखी जरासा.

डब्याच्या पोटावर गुड्डी दिसू लागली, ताटलीसकट. त्या गोलाईत ती चांगली गुबगुबीत दिसत होती, गाल फुगलेले, दंड भरलेले. तिचा हात तोंडाकडे गेला. घास आत गेला. कुंदा श्वास रोखून, तांदळातला एकच खडा चिमटीत धरून, डब्याकडे बघत राहिली.

डब्यातल्या गुबगुबीत गुड्डीने मान वर केली. चावता चावता थांबली. आणि डब्यातूनच, सरळ आईकडे बघू लागली.