चांदण्यात बुडालेला पुंजका

मी एक जुनी दुर्बीण आहे. सध्या माझा मुक्काम जिन्याखाली असून माझ्या नळीवर कोणीतरी ओली छत्री टांगली आहे. ही तक्रार नव्हे, वस्तुस्थिती आहे.

मित्रांनो, माझा जन्म एका चष्मेवाल्याच्या दुकानामागील खोलीत झाला. दिवसभर तो गिऱ्हाइकांची भिंगे घासत असे आणि दुकान बंद झाले की माझा आरसा. त्याची बायको शिलाईकाम करी. एवढी भांडी घासली असतीत तर आरसा लागलाच नसता, असे ती त्याला ऐकवत असे. तरीही माझ्या नळीला आतून काळे अस्तर लावले ते तिनेच.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला गच्चीवर नेले आणि देवयानी दीर्घिका पाहिली. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. माझ्यातून मात्र ती धुरकट पुंजक्याएवढीच दिसते. ‘एवढंच?’ असे पाहुणे विचारत. चष्मेवाल्याच्या बायकोने ते कधीच विचारले नाही. तो पुंजका तिच्या मनात घर करून राहिला. पुढे धंदा वाढला, मुले झाली आणि मी जिन्याखाली गेले.

अनेक वर्षांनी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली, असे डॉक्टर म्हणाले. पण ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणे तिच्या स्वभावात नव्हते. या डोळ्याने तो पुंजका दिसला तरच दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेईन, नाहीतर शिलाई कायमची बंद, असे तिने जाहीर केले.

चष्मेवाल्याने या परीक्षेसाठी पौर्णिमेची संध्याकाळ निवडली. चूक त्याच्या धंद्याला साजेशी होती. दुकानातला अक्षरांचा तक्ता जितका उजळ, तितके वाचणे सोपे. तोच नियम आकाशाला लागू असेल, असे त्याने गृहीत धरले. त्याने मला जिन्याखालून गच्चीवर आणले, योग्य दिशेने रोखले आणि तो बाजूला झाला. तिने बराच वेळ पाहिले. माझ्यात तेव्हा राखाडी उजेडाखेरीज काही नव्हते.

“नाही दिसत,” ती शांतपणे म्हणाली. “झालं तेवढं पुरे.”

सकाळी तिने गिऱ्हाइकांची कापडे परत केली आणि शिलाई मशीनवर चादर घातली.

हे कळताच संध्याकाळी चष्मेवाल्याची थोरली बहीण आली. तिने उभा जन्म रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काढला होता. निर्दोष नमुना शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय तिथे कोणताही निष्कर्ष लिहीत नसत. तीच सवय घेऊन ती गच्चीवर आली. चंद्र नुकताच उगवला होता, जवळजवळ पूर्ण.

“काल तू स्वतः बघितलंस का रे?” तिने भावाला विचारले.

“मी कशाला? डोळे हिचे तपासायचे होते.”

“आता बघ.”

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. “ताई, मलाही काही दिसत नाही.”

“मग उद्या तुझंही ऑपरेशन उरकून घेऊ या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.”

दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याची बायको हसली.

कारण सोपे होते, मित्रांनो. चंद्राचा प्रकाश हवेत विखुरतो, सारे आकाश उजळते आणि अंधुक वस्तू त्या उजेडात बुडून जातात. त्या तिथेच असतात. फक्त दिसत नाहीत. अमावास्येपर्यंत थांबण्याचीही गरज नसते. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, त्यामुळे आठवडाभरात संध्याकाळ पुन्हा काळोखी होते.

तो आठवडा अवघड गेला. मशीनवरची चादर तशीच होती. चष्मेवाला मात्र रोज सकाळी तिच्या सुयांत दोरे ओवून ठेवत असे.

ठरलेल्या संध्याकाळी बहिणीने आधी स्वतः पाहिले, मग भावाला पाहायला लावले, आणि पुंजका कुठे आहे हे वहिनीला सांगायचे नाही अशी दोघांवरही बंदी घातली. मग वहिनी पुढे आली. अंधुक वस्तूवर नजर रोखायची नसते. किंचित शेजारी पाहिले की ती डोळ्याच्या कडेला सापडते. एवढीच सूचना तिला दिली गेली.

तिने माझ्या भिंगाला डोळा लावला.

“वन्सं, खाली डावीकडे आहे,” ती म्हणाली. “तिरका पसरलाय.” मग माझ्यावरून डोळा न काढताच म्हणाली, “अहो, दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊन या.”

तिच्यानंतर चष्मेवाला पुन्हा पाहायला वाकला. तो उठला तेव्हा माझे भिंग ओले झाले होते. त्या संध्याकाळी दव पडले नव्हते, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला झाकून कोरड्या जागी ठेवा. आरशावरची धूळ फडक्याने पुसू नका. धुळीने थोडा प्रकाश अडतो, फडक्याने कायमचे ओरखडे पडतात. चंद्रच पाहायचा असेल तर तो अर्धा असताना पाहा, कारण तेव्हा त्याच्या डोंगरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला तो सपाट दिसतो. बाकी सारे काळोखात पाहा. आणि घरातले कोणी वडीलधारे ‘मला दिसत नाही’ म्हणाले, तर त्यांच्या डोळ्यांना बोल लावण्याआधी एकदा त्यांच्या जागी उभे राहून स्वतः पाहा.