जाताना ठेवा, आल्यावर घ्या

मित्रांनो, मी एक जुनी मांडणी आहे. आंब्याच्या लाकडाची, चार फळ्यांची. अमेरिकेच्या हवाई बेटांपैकी माउई बेटावर कीहेई गावात समुद्रकाठी एक तीन मजली इमारत आहे. तिथली घरे सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने देतात. तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीबाहेर मी बावीस वर्षे उभी होते.

गाड्या लावायला जागा हवी म्हणून अंगणातला आंबा तोडला, तेव्हा डागडुजी करणारे नाकासोनेकाका हळहळले. ‘एवढं चांगलं लाकूड काय जाळायचं?’ असे म्हणत त्यांनी मला घडवले. खरे तर त्यांना माझ्यावर पाहुण्यांचे जोडे ठेवायचे होते. पण मार्सेलिनामावशीने मला वेगळेच काम लावले.

मार्सेलिनामावशी तिथली घरे झाडत-पुसत असे. पाहुणे गेले की ती चादरी बदलायला जाई. प्रत्येक घरात तेच दिसे. तेलाची अर्धी बाटली, दोनच चमचे काढलेली साखर, न उघडलेला साबण, उन्हाचे मलम, तान्ह्या मुलांचे लंगोट. सगळे कचऱ्यात टाकायचे, असा नियम होता. बेटावर तांदळाचा दाणासुद्धा बोटीने येतो. तो असा फेकायला तिचा हात धजेना. एके दिवशी तिने सगळे आणून माझ्यावर मांडले आणि वर पुठ्ठा टांगला, ‘जाताना ठेवा, आल्यावर घ्या.’

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. विमानातून उतरलेली माणसे दुकानात दुधाची किंमत पाहून गारच पडत. मग त्यांना माझा पत्ता कळे. लोर्नाबाई तर माझे गुणगान करताना थकत नसत. त्या मिनेसोटातल्या निवृत्त शिक्षिका. वर्षभर पै-पै साठवून फेब्रुवारीत तीन आठवड्यांसाठी येत. नव्या पाहुण्यांना त्या जिन्यातच गाठत.

‘दुकानात मग जा, आधी मांडणी बघा! मीठ, तेल, साबण मी इथे कधी विकत घेतलेलंच नाही.’

आणि मावशीला म्हणत, ‘मार्सेलिना, तू आहेस म्हणून माझी सुट्टी होते गं!’

मावशी हसे. दुपारी चारला काम संपले की तीही माझ्यापुढे येई. पूर्वी ती कधीमधी एखादा साबण नेई. पुढे ती ज्या घरात राहत होती, ते घर मालकाने पाहुण्यांना द्यायला काढले. मुलगा कामासाठी समुद्रापलीकडे लास व्हेगासला गेलेला; सून आणि दोन नातवंडांना घेऊन ती चुलतभावाच्या मागच्या खोलीत राहायला गेली. मग ती तांदूळ नेऊ लागली. तेल नेऊ लागली. पिशवीत घालताना आता ती मागे वळून पाहत असे. तिच्या घरी काय चालले आहे, हे मला तिच्या पिशवीवरून कळे. बरेच दिवस दुसऱ्या कुणी त्या पिशवीकडे पाहिले नाही.

मग एकदा पाहिले ते लोर्नाबाईंनी. त्या तेल शोधायला आल्या होत्या आणि बाटली मावशीच्या हातात होती.

‘अगं, हे पाहुण्यांसाठी आहे ना?’

‘सकाळी मीच आणून ठेवलंय, बाई.’

‘हो गं, पण आम्ही किती जपून खर्च करतो, तुला माहीत आहे. म्हणून तर याचा आधार...’

मावशी हळू आवाजात म्हणाली, ‘बाई, तुमचं दूध आणि माझं दूध एकाच दुकानातलं. तुम्ही ते तीन आठवडे घेता. मी बारा महिने घेते.’

तिने बाटली परत माझ्यावर ठेवली. झाकण नीट बसले आहे की नाही, तेही पाहिले.

लोर्नाबाई मनाच्या वाईट नव्हत्या. पण ते उत्तर त्यांना झोंबले असावे. नवे व्यवस्थापक डग्लससाहेब समोरून आले, तेव्हा त्या बोलून गेल्या. ‘तक्रार नाही हो, आपलं सहज सांगते.’

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मावशीला माझ्यापाशीच गाठले.

‘पाहुण्यांच्या वस्तू घरी नेता?’

‘टाकलेल्या वस्तू, साहेब.’

‘टाकलेल्या वस्तू इमारतीच्या असतात. उद्यापासून येऊ नका.’

मावशीच्या हातात धुतलेल्या चादरींचा ढीग होता. तिने विचारले, ‘आजची घरं तेवढी करून जाऊ का?’

‘नको.’

पुढच्या फेब्रुवारीत लोर्नाबाई आल्या. हातात गावाकडच्या तांदळाचा डबा होता. कामावरच्या नव्या मुलीला त्यांनी विचारले, ‘मार्सेलिना कुठे आहे?’

‘मावशी लास व्हेगासला गेल्या, मुलाकडे. इथं भागेना ना त्यांचं.’

‘परत कधी येणार?’

‘तिकडं गेलेलं कुणी परत येतंय का, बाई? इथं राहायचं कुठं?’

ती मुलगी निघून गेली. लोर्नाबाई माझ्यासमोर उभ्याच राहिल्या. ‘मी सहज बोलले होते,’ त्या पुटपुटल्या. ऐकायला तिथे माझ्याखेरीज कुणी नव्हते. तो डबा माझ्या रिकाम्या फळीवर ठेवून त्या वर गेल्या. पण माझ्यावर काही ठेवायचे नाही, असा आता हुकूम होता. त्यामुळे संध्याकाळी तो डबा कचऱ्यात गेला.

त्यानंतर मलाही मागच्या बाजूला नेले. तिथे माझ्यावर पोहण्याचा तलाव स्वच्छ करायच्या औषधाचे डबे ठेवतात. त्याच्या वाफेने माझा रंग उडाला आहे. खालची फळी ओलीने फुगली आहे.

मित्रांनो, काटकसर जरूर करा. उरलेले फेकू नका, ज्याला हवे त्याला द्या. पण जे तुम्हाला फुकट मिळाले, त्याकडे दुसऱ्या कुणाचा हात गेलेला दिसला, तर दुसऱ्या कुणाला सांगण्याआधी त्यालाच विचारा, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ मी रोज तिची पिशवी पाहत होते. मला तोंड नाही, म्हणून मी गप्प राहिले. तुम्हाला तर आहे.