दम घ्यायच्या जागा

राजुरीहून कुशाबाईंचा निरोप आला तेव्हा सावळाराम अवसरीतल्या आपल्या ओट्यावर नुसताच बसला होता. हल्ली तो पुष्कळदा नुसताच बसे. निरोप साधा होता. "डोळं गेलं माजं. आता कानच ऱ्हायलेत. एकदा ह्यांचं कीर्तन ऐकव." 'हे' म्हणजे त्यांचे यजमान, कीर्तनकार भागूबुवा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"गुरुवारी घेऊन येतो म्हणावं," सावळारामनं उलट निरोप धाडला.

त्यात अवघड ते काय? नव्वद सालापासून बुवा जिथं उभे राहिले तिथं हा मांडीवर टेप घेऊन पुढ्यात बसलेला. बाजारातून सिनेमाच्या जुन्या कॅसेटी आणायच्या, नवं भरता यावं म्हणून वरच्या खाचेत कागदाचा बोळा दाबायचा आणि गाण्यांवर कीर्तन भरायचं. नटीच्या गाण्यावर हरिनाम चढलं की त्याला पुण्य जोडल्यासारखं वाटे. पत्र्याच्या पेटीत तीनशेच्या वर कॅसेटी, सप्ताहांच्या पिवळ्या पडलेल्या पत्रिका, बुवांची एक तडकलेली चिपळी. गाव हसायचं, "सावळारामाची पेटी म्हंजी बुवांचं म्युझियम हाय राव!"

त्यानं पेटी उघडली. पहिली कॅसेट लावली, नुसती घरघर. दुसरीची फीत टेपनं गिळली. तिसरीत बुवा विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे. दुपार कलेपर्यंत त्यानं साठेक कॅसेटी लावून बघितल्या. बोटं लाल झाली.

"हे काय हो लाल?" अंजनानं, त्याच्या बायकोनं, विचारलं आणि मग तिचं तिलाच उमगलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लोक नांगर-कोयते पुजतात. सावळाराम कॅसेटी पुजायचा. एकेक डबी उघडून पाणी शिंपडायचा, हळदकुंकू वाहायचा. सोळा वर्षं एकही दसरा चुकला नव्हता. सगळ्याच फितींत कुंकू उतरलं होतं, ओलीनं बुरशी धरली होती.

"देवाला वाहिलं, देवानं नेलं," तो पुटपुटला.

"देवावर नका ढकलू. बुरशीनं नेलं," अंजना म्हणाली, आणि मग हळूच, "ऋषीकडं असंल की."

ऋषी हा सावळारामचा पुतण्या, त्याचा डीजेचा धंदा. चार वर्षांपूर्वी टीव्हीवर जुन्या गाण्यांच्या रिमिक्सचं पीक आलं होतं. तेव्हा त्यानं बुवांची मढच्या सप्ताहातली कॅसेट नेली, कॉम्प्युटरवर चढवली, खाली ठोका टाकला आणि एका वरातीत वाजवली. पोरं बुवांच्या निरूपणावर नाचली. त्या दिवशी सावळाराम म्हणाला होता, "तुज्या दारचं पाणीबी पिणार न्हाई." आणि प्यायला नव्हता.

बुधवारी तो त्या दारात उभा राहिला.

"या नाना," ऋषी म्हणाला. "पाणी आणू का विचारायचीबी चोरी!"

"आण," सावळाराम खाटेवर बसत म्हणाला. भांडायला अंगात त्राण नव्हतं. "मढचं कीर्तन हाय का? बिनठोक्याचं?"

"ते कवाच उडालं कॉम्प्युटरवरनं, नाना. रिमिक्स तेवढं हाय सीडीवर." मग ऋषी जरा घुटमळला. "राग मानू नका, पर तुमी गाण्यावर कीर्तन चढवत व्हता. मी कीर्तनाखाली ठोका घातला. लई फरक न्हाई."

"मी गाणं पुसत व्हतो, तू बुवा नाचवलेस," सावळाराम म्हणाला. पण जोर लागला नाही. सीडी आणि ऋषीचा छोटा प्लेअर पिशवीत घालून तो घरी आला.

गुरुवारी राजुरीत कुशाबाई भिंतीला टेकून, हात जोडून बसल्या होत्या. सावळारामनं आधीच सांगून टाकलं, "माई, मागं वाजाप हाय. माज्या हातनं बाकीचं समदं गेलं."

"वाजू दे. लाव."

ठोका सुरू झाला. त्यावर बुवांचा आवाज, खणखणीत. माईंचा चेहरा उजळला. मग हळूहळू कपाळाला आठी पडली. दोन मिनिटांनी त्यांनी हात वर केला. सावळारामनं बंद केलं.

"आवाज त्यांचाच. पर दम कुठं घेत्यात ह्यात?"

सावळाराम चपापला. मागच्या वेळी संतापाच्या भरात त्यानं हे ऐकलंच नव्हतं. दोन वाक्यांमधली मोकळी जागा ऋषीनं छाटून टाकली होती. ठोका तुटू नये म्हणून.

"दमा व्हता ना त्यांना," माई म्हणाल्या. "एक वाक्य बोलायचे नि थांबायचे. तेवढ्यात बायांच्यात मी कुठं बसलीय ते बघायचे. मला तेवढंच पायजे व्हतं रे."

सावळारामनं प्लेअर पिशवीत घातला. बाहेर कोणीतरी कांदा भरत होतं, पोत्यांचा धप धप आवाज येत होता. पुन्हा ऋषीकडं जाऊन उपयोग नव्हता. छाटलेलं कोण ठेवतं? आयुष्यभर तो ऐकणाराच. मंडपात कधी तोंड उघडलं नाही, त्याचा आवाज टेपवर शिंकेपुरताच. पण प्रत्येक वाक्याला तो पुढ्यात होता. बुवा कुठं थांबत, त्याला ठाऊक होतं.

तो सरसावून बसला. खाकरला.

"बाबांनो," त्याचा आवाज चिरकला, "देव दारात उभा हाय..."

तो थांबला. मग म्हणाला, "आपलं झाडणंच उरकंना..."

"लवकर बोललास," माई म्हणाल्या. "हितं लई थांबायचे."

"पुन्ना म्हणतो."

"म्हण."

"देव दारात उभा हाय..."

सावळारामनं श्वास आत ओढला. माईंनी मान वळवली, कोणीतरी आपल्याला शोधत असावं तशी.

"अजून," त्या म्हणाल्या. "अजून जरा."

तो थांबून राहिला.