सीटखालचा जोड

बायकोच्या सायकलला मागे गाडा जोडायची कल्पना माझी. ती एका कारखान्याच्या कामगारांचे गणवेश शिवायची. कापलेलं कापड आणायचं, शिवून पोहोचवायचं. कॅरिअरवर गठ्ठे बांधून दिवसाला तीन खेपा. गुडघे कुरकुरायला लागले होते. एका खेपेत भागलं तर अजून चार वर्षं सहज काढीन, असं ती म्हणाली, आणि मी वाचनालयातून सायकलींवरचं एक जुनं जाडजूड पुस्तक घेऊन आलो. दुसरं काही मला करता येत नाही.

गाडा बनवला मेहुण्याने. त्याचं वेल्डिंगचं दुकान. बायकोचा हा धाकटा भाऊ, तिने कडेवर वाढवलेला. लोखंडी चौकट, तिच्यावर प्लायवूड, दोन बाजूंना लहान मुलांच्या सायकलची चाकं. सगळं त्याने मनाने केलं आणि चोख केलं. अडलं ते गाड्याचा दांडा सायकलला कुठे जोडायचा यावर. तो म्हणाला, मागच्या चाकाच्या आसाला, खाली. मी पुस्तकावरून गिरवून घेतलेली आकृती पुढे केली. तिच्यात जोड सीटखालच्या नळीला होता.

"भावोजी, ओझं एवढ्या वर जोडलं तर उतारावर ते सायकलला लोटणार. ताई पडेल."

एरवी केस किती कापायचे हेही मला न्हाव्याला धड सांगता येत नाही. त्या दिवशी काय संचारलं कोण जाणे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी चाळीस वर्षं गेली; छापलेल्या ओळीवर माझा स्वतःपेक्षा जास्त विश्वास. लिहिणाऱ्याने काही अभ्यास केला असेल की नाही, असं मी म्हणालो. तेही जरा मोठ्यानेच. पुस्तकातली सायकल पुस्तकातच बरी पळते, असं म्हणून तो हसला. पण थोरल्याचा मान राखून त्याने जोड वरच बसवला.

आठ दिवस छान गेले. ती शीळ घालत यायची. नवव्या दिवशी कारखान्याजवळच्या उतारावर तिने ब्रेक दाबला, भरलेला गाडा मागून चालून आला आणि सायकल आडवी झाली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

दवाखान्याच्या बाकावर, हात प्लास्टरमध्ये, तिने भावाला विचारलं, "जन्मभर हेच काम करतोस ना? जोड कुठे लावायचा एवढंही कळलं नाही तुला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीवरची सूचना वाचत होतो. तिच्यात दोन चुका सापडल्या.

"चुकलं, ताई," तो म्हणाला.

पुस्तक परत करायच्या दिवशी मी ते पान उलटलं. आकृती गिरवताना ते दाबून धरलं होतं, उलटलं नव्हतं. मागे पहिलीच ओळ होती: हा जोड हलक्या ओझ्यासाठीच, ओझं जड किंवा रस्ता उताराचा असेल तर जोड आसालाच हवा. मी पुस्तक मिटलं आणि ग्रंथपालाच्या हातात दिलं. चांगलं होतं का, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो.

प्लास्टर निघालं, पण अंगठा पुरता मिटत नाही. सुई धरवत नाही. कारखान्याने काम दुसरीला दिलं. मेहुण्याने एकदा येऊन दांडा कापला, आसाला नीट जोडून दिला आणि गाडा अंगणात लावून गेला. तिने दार उघडलं नाही. आत मी होतो, मीही उघडलं नाही. त्यानंतर तो आलेला नाही.

आता तिची वेणी मी घालतो. काल घालता घालता ती खिडकीतून गाड्याकडे बघत होती.

"त्याच्या जागी तुम्ही असतात, तर दहादा विचार केला असतात," ती म्हणाली. "तुमचा तेवढा एक गुण आहे."

पेड सैल पडला होता. मी वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.