गाडीतली बाई आणि पिवळा दिवा

"पापा, ही बाई रोज जे बोलते ते तुम्हाला खरंच कळतं का?"

विचारलं एकदाचं. मैत्रिणींनी पैज लावली होती, बुरुल, हिंमत असेल तर विचारून दाखव. आणि वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आल्यापासून हिंमत या शब्दाशी बुरुलचं फार जमतं. पण विचारताना ती पापांकडे बघत नव्हती, बघत होती स्टिअरिंगमागच्या काट्यांखालच्या त्या पिवळ्या दिव्याकडे... नखाएवढा, इंजिनाचं चित्र म्हणे, तिला मात्र तोटीची किटली दिसते, परवापासून विस्तवावर ठेवलेली आणि कुणीच न उतरवलेली.

"कळतं म्हणजे काय," पापा म्हणाले. "इतकी वर्षं ऐकतोय. वाट सुखाची होवो, म्हणते."

मागच्या सीटवर अपानं, म्हणजे आईनं, मांडीवरच्या बाळाचे दोन्ही तळवे धरून दुआ संपल्यावर फिरवतात तसे त्याच्याच तोंडावरून फिरवले. "ओमीन."

किल्ली फिरवली की ही जपानहून आलेली म्हातारी गाडी आधी खोकते, मग आतली न दिसणारी बाई मऊ आवाजात एकच वाक्य बोलते आणि अपा ओमीन म्हणते. सगळ्यांच्याच घरी असं असतं असं बुरुलला कितीतरी वर्षं वाटायचं.

"मग हा दिवा?"

"दिव्याचं काय घेऊन बसलीस. काही बिघडलं असतं तर तिनं सांगितलं नसतं?"

शाळेच्या दारात उतरेपर्यंत बुरुलला ते अगदी पटलंही होतं.

मधल्या सुट्टीत मेएरिमनं फोन पुढे केला. पैजेचा दुसरा भाग तोच होता, बाईचा आवाज चोरून टिपून आणायचा. बुरुलनं टिपून आणलेला तो आवाज फोननं ऐकला, क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला आणि भाषांतर दाखवलं : कार्ड घातलेले नाही.

"कसलं कार्ड?"

"टोलचं असेल. तिकडे जपानात गाडीत लावतात," मेएरिम म्हणाली.

"म्हणजे तुझी अपा टोलला ओमीन म्हणते," नाझिक म्हणाली आणि तिघी टेबलावर डोकी टेकून हसल्या, सगळ्यात मोठ्यानं बुरुल, चहा सांडेपर्यंत... आणि मग हसू मध्येच कुठेतरी संपलं. म्हणजे दिव्याबद्दल ती बाई काहीच बोलली नव्हती. बोलणारही नव्हती. उद्या बिश्केकला मामाच्या लग्नाला जायचं, दोलोनची खिंड, वर बर्फ पडलाय, मैलोन् मैल धूर निघणारं एक घर नाही, आणि तिथे इंजिन पेटलं तरी ती नम्रपणे म्हणेल, कार्ड घातलेले नाही.

"आमच्या गाडीत तो दिवा माझ्या जन्माआधीपासून जळतोय," नाझिक म्हणाली. "पेट्रोलच तसलं मिळतं. त्याला काय विचारतेस?"

म्हणजे दिवाही खोटा? की नाझिकच्या घरचा खोटा आणि आमचा खरा? गणिताच्या तासाला फळ्यावर काय चाललं होतं देव जाणे... तिला दिसत होती ती पहिली खेप, हीच गाडी, हीच खिंड, ती स्वतः एवढीशी. अपानं भीतीनं तिचा हात इतका आवळलेला की बोटं पांढरी पडली होती. पापांनी गाडी थांबवली, पुन्हा सुरू केली, बाई बोलली, आणि ते मागे वळून म्हणाले, ऐकलंस ना, आशीर्वाद देतेय. अपाची पकड सैल झाली. तेवढ्यासाठी रचलं होतं का त्यांनी? की तेव्हा रचलं आणि नंतर स्वतःच खरं मानलं? मी सांगितलं तर अपाचा हात पुन्हा आवळेल... आणि नाही सांगितलं तर? जिल्ह्यात पहिला आलेला आवाज, आणि एक वाक्य जुळवता येईना.

संध्याकाळी अपा प्रवासासाठी बोरसोक, पिठाचे फुगरे तुकडे, तळत होती. पापा गोधड्या बांधत होते.

"पापा, गॅरेजातल्या उस्ताला दाखवून घेऊ या ना गाडी."

"परत आल्यावर. वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं म्हणून इंजिनावरही भाषण करणार का आता?"

अपा हसली. बाळ तिच्या पायाशी पीठ चाटत बसलेलं. उद्या याच वेळी ते खिंडीच्या अलीकडे असेल की पलीकडे... बुरुलच्या घशात कार्डाचं वाक्य आलं, आणि अपाच्या हाताकडे, झारा सैलसर धरलेल्या त्या हाताकडे बघून खाली गेलं. मग दुसरंच काहीतरी वर आलं, जे तिनं तयार केलेलं नव्हतं.

"मी उद्या गाडीत बसणार नाही. आणि बाळालाही बसू देणार नाही."

झारा थांबला.

"का गं?" पापा हसत म्हणाले. "बाई तुला एकटीला काही बोलली का?"

हसता हसता त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि जरा जास्त वेळ बघत राहिले. बाई खरं काय म्हणते ते त्यांना ठाऊक होतं? नव्हतं? पूर्वी तिला त्यांचा चेहरा बरोबर वाचता यायचा.

"बाईचं जाऊ दे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी बारीक निघाला, पण हलला नाही. "दिवा काय म्हणतो ते मला कळत नाही, पापा. म्हणून मी बसणार नाही."